पहिलं पाणी मातीला

आईला जाऊन महिना झाला, त्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेत फादरांनी आमच्या घराचे आभार मानले, तेव्हा मी तिसऱ्या बाकावर बाबांच्या शेजारी बसले होते.

"या वेदीवरचं प्रत्येक कापड," फादर म्हणाले, "एकतीस वर्षं एका बाईच्या हातांनी धुतलं. ती गेली, पण त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही. तिच्या मुलांनी ते काम तसंच चालू ठेवलं. देवाचे उपकार मानायचे म्हणजे काय करायचं, असं मला कुणी विचारलं तर मी त्याला यांच्या लॉन्ड्रीत घेऊन जाईन."

मागे कुणीतरी नाक ओढलं. ताई पहाटेच्या बसने आली होती, तरी परीटघडीच्या साडीत ताठ बसली होती. मुख्याध्यापिका असल्यामुळे तिला कौतुक बसून ऐकायची सवय आहे. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. वहिनी प्रार्थनेच्या पुस्तकात बोट घालून बसली होती. मी समोरच्या बाकाच्या पाठीवरचे ओरखडे मोजत होते.

मग प्रसाद वाटून झाला. फादर वेदीशी परतले, प्याला धुतला आणि पुसायला रुमाल उलगडला. त्याच्या कडेला निळी रेघ होती.

ती रेघ मी झोपेतही ओळखेन. नाक्यावरच्या रेस्टॉरंटचे रुमाल दर आठवड्याला आमच्याकडे धुवायला येतात. पांढरे, चौकोनी, वेदीवरच्या रुमालांएवढेच. फरक एवढाच की त्यांना निळी रेघ आहे, आणि चर्चच्या सहा रुमालांच्या कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याने एकेक क्रूस भरलेला आहे. फादरांच्या हातात रेस्टॉरंटचा रुमाल होता, म्हणजे आईचा एक रुमाल त्या क्षणी कुणाच्या तरी मांडीवर सॉसचे डाग झेलत असणार होता.

फादरांनी प्याला पुसला. घडी करताना त्यांचा अंगठा त्या रेघेवर थोडा थांबल्यासारखा वाटला. पण मला तेव्हा सगळंच माझ्याकडे बोट दाखवल्यासारखं वाटत होतं.

"किती छान बोलले," बाबा माझ्या कानाशी म्हणाले. "तिने ऐकायला हवं होतं."

*

चर्चचं बोचकं, म्हणजे वेदीवरची धुवायची कापडं, आमच्याकडे आईमुळे आलं. दादा तापातून वाचला त्या वर्षी आईने ते मागून घेतलं. काम लहानसं होतं, पण त्याची रीत होती. प्याला पुसलेल्या रुमालावर पवित्र भाकरीचा कण असू शकतो, म्हणून ते पाणी गटारात जाता कामा नये. आई ते रुमाल मशीनच्या वाऱ्यालाही उभे करायची नाही. त्यांच्यासाठी वेगळा टब, वेगळा साबण. पहिलं पाणी मागच्या दारातल्या मातीत, आणि मग पुढचं धुणं.

आणि रुमालागणिक एक उपकार. हे चर्चने सांगितलेलं नव्हतं, ते आईचं स्वतःचं होतं. एक रुमाल बुडवायचा आणि त्या आठवड्यातली एक गोष्ट मोठ्याने सांगायची. "बॉयलरने सूर काढला नाही, देवा, उपकार." "त्या वकिलाच्या कोटाचं बटण खिशातच सापडलं, उपकार." "थोरलीचा फोन आला, आणि लवकर संपला, उपकार." ताई घरी असली की आई हा शेवटचा वगळायची. तेच तेच सांगायचं नाही, आणि मोठमोठं काही सांगायचं नाही, असा तिचा नियम. "आरोग्य, शांती वगैरे फादर मागतात. मी आपली किरकोळ माल बघते."

ती गेल्यावर बोचकं कुणी घ्यायचं हा प्रश्नच आला नाही. शेवटचे तीन महिने ग्रंथालयातून रजा काढून मीच तिच्यापाशी होते, ती रजा अजून संपली नव्हती, आणि मी न विचारताच म्हणाले होते, "मी करीन." पहिल्या शुक्रवारी मी टब घेऊन बसले. दुसऱ्या शुक्रवारी सहाही रुमाल मी दोन नंबरच्या मशीनमध्ये टाकले. तिसऱ्या शुक्रवारीही. चौथ्या शुक्रवारी त्याच मशीनमध्ये रेस्टॉरंटचा माल आधीच पडला होता आणि वेगळी खेप लावायचा मला कंटाळा आला.

याला कारण होतं. ते त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगावं लागलं.

*

वहिनीने आदल्या दिवशी काय केलं होतं, हे मला फार नंतर कळलं, तेही तिने नाही, शेजारच्या चांभाराने सांगितलं म्हणून. मग मी विचारल्यावर तिने तुकड्या-तुकड्याने उरलेलं सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी ती दुकानाचं शटर ओढत होती तेव्हा रेस्टॉरंटचा मॅनेजर आला. म्हणाला, "आमचा एक कमी आहे, आणि हा तुमचा दिसतोय. यावर फुली आहे."

"फुली नाही ती," वहिनी म्हणाली, आणि रुमाल घेतला. त्यावर तेलाचा डाग होता.

कुणी केलं हे तिला विचारावं लागलं नाही. शुक्रवारी काउंटरवर ती असते, मशीनवर मी. ती आत येऊन मला हाक मारणार होती. मी बाबांच्या खोलीत त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते, आणि बाबा मला सांगत होते की उद्या फादर प्रवचनात आईचं नाव घेणार आहेत. ती दारातूनच मागे फिरली.

मग तिने आईचा टब काढला. वहिनीच्या माहेरी चर्च म्हणजे लग्न आणि मयत, एवढंच. बावीस वर्षांत ताईने ही गोष्ट तिला विसरू दिलेली नाही. तिला रीत पाहून ठाऊक होती, पण आईने ते काम तिच्या हातात कधी दिलं नव्हतं. तिने डाग काढला, पहिलं पाणी मातीत ओतलं, आणि आता काहीतरी म्हणायचं असतं हे आठवून तशीच उकिडवी बसून राहिली. चांभाराने भिंतीपलीकडून ऐकलं. ती म्हणाली, "सासूबाईंनी मला कधी उलट उत्तर दिलं नाही, मी दिलं तरी. उपकार." आणि मग, "एकच रुमाल आहे, म्हणून एकच."

सकाळी मिस्सेआधी चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन तो गुपचूप बदलायचा असं तिने ठरवलं होतं. पण ताईची बस यायची होती, आणि ताईला आणायला थांब्यावर कोण जाणार, तर तीच.

*

फादर जेवायला आले. कोंबडी होती, बटाटे होते, बाबांनी जपून ठेवलेली वाइनची बाटली होती. टेबलाच्या टोकाला आईचा फोटो ठेवला होता आणि त्याच्यापुढे मेणबत्ती.

"फादर, बोचकं आजच देऊन जा," बाबा म्हणाले. "पाच दिवस कशाला थांबायचं? बारकी धुवील."

बारकी म्हणजे मी. चाळिशी आली तरी.

"देईन की. पण तिला विश्रांती मिळू दे थोडी."

"तिला कसली विश्रांती, तिला आवडतं ते," ताई म्हणाली. "बारके, मी तर शाळेत सगळ्यांना सांगितलं. आईचं काम माझ्या बहिणीने उचललं म्हणून."

मी बटाट्याचे तुकडे करत होते, आणखी बारीक, आणखी बारीक. मला फक्त जेवण संपायला हवं होतं. फादर गेले की रेस्टॉरंटमध्ये जाईन, रुमाल शोधून आणीन, पुढच्या शुक्रवारपासून टब घेऊन बसेन, आणि बाबांना ते प्रवचन जसंच्या तसं राहील. एवढाच हिशोब होता माझा.

"मेणबत्ती विझली," दादा म्हणाला.

वहिनी उठली. तिने एप्रनच्या खिशातून काडेपेटी काढली आणि तिच्याबरोबर एक घडी बाहेर आली, फरशीवर पडली. चौकोनी, पांढरी, वरच्या कोपऱ्यात लाल क्रूस.

ती घडी वहिनीला फादरांना दारात निरोप देताना द्यायची होती. हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

ताई सगळ्यांत आधी वाकली. रुमाल उचलला, पाहिला, आणि टेबलावर आईच्या फोटोपुढे ठेवला.

"हे तुझ्या खिशात काय करतंय?"

"फादरांना द्यायचं होतं," वहिनी म्हणाली.

"वेदीवरचा रुमाल. एप्रनच्या खिशात. काडेपेटीबरोबर."

"ताई, जेवून घ्या. मग सांगते."

"मग कशाला? आत्ता सांग. वेदीवर होता कुठला मग? फादर, तुम्हाला सहा मिळाले होते?"

फादरांनी काटा खाली ठेवला. "मिळाले सहा. एक जरा... वेगळा होता. मला वाटलं, तुम्ही नवीन घेतले असतील."

"वेगळा म्हणजे?"

"निळी रेघ होती."

टेबलावर सगळ्यांनाच निळी रेघ माहीत होती. दादाने वाइनचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

"हॉटेलचा," ताई म्हणाली. तिचा आवाज चढत नाही, उतरतो. शाळेतली मुलं त्यालाच घाबरतात. "आईच्या मिस्सेला प्याला हॉटेलच्या रुमालाने पुसला. बावीस वर्षं झाली तुला या घरात येऊन. पोरीने बिचारीने इतकं मनापासून धुतलं, आणि तू काउंटरवर बसून एवढी दोन बोचकी वेगळी ठेवू शकत नाहीस? तुला ते सारखंच, नाही का? इकडचं काय, तिकडचं काय, सगळे धुवायचे कपडे."

"ताई," दादा म्हणाला.

"तू बोलू नकोस. तू नेहमी हेच करतोस."

दादा बोलला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी तो मला म्हणाला, की त्या क्षणी त्याला सगळं ठाऊक होतं. शुक्रवारी मशीनला कोण असतं हे लॉन्ड्रीत त्याच्याइतकं कुणाला माहीत? पण बायकोने केलं नाही म्हणावं, तर मग कुणी, हा प्रश्न येणार. तीन महिने आईची कूस बदलणाऱ्या बहिणीचं नाव घ्यायचं? आणि लहानपणी आई दुकानात असताना ज्या ताईने त्याला न्हाऊ-माखू घातलं, तिच्यापुढे? "वाटलं, ही समजून घेईल," तो म्हणाला. "ती घेतेच नेहमी. ते सोपं पडतं मला." समोरच्या बशीत किती बटाटे होते ते त्याला अजून आठवतं. चार.

वहिनी उभीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. काउंटरवर गिऱ्हाईक खिसे चाचपत असताना ती जशी वाट बघते, तशी ती बघत होती.

आणि मी काय केलं? मी पाणी प्यायले. पेला भरलेला होता, मी तो सगळा प्यायले, सावकाश.

"चूक झाली," वहिनी म्हणाली. "फादर, माफ करा."

"अहो, त्यात काय एवढं—"

"फादर, तुम्ही उदार आहात म्हणून," ताई म्हणाली. "आईच्या जिवाला काय वाटलं असतं!"

"इकडे द्या तो," बाबा म्हणाले.

बाबांच्या डोळ्यांवर आता साय आल्यासारखं झालं आहे. माणसं त्यांना आवाजावरून कळतात. पण पंचावन्न वर्षं ते इस्त्री करतात. ताईने रुमाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलगडला, कडेवरून अंगठा फिरवला, गालाला लावला.

"हा हाताने धुतलाय," ते म्हणाले.

त्यांनी दुसरी कडही चाचपली.

"बाकीचे नव्हते. तीन आठवडे नव्हते. मशीनमध्ये कापड थकतं, हाताला कळतं." त्यांनी रुमाल पुन्हा घडी केला. "आणि काल एक जाडा लागला होता. शिवण वेगळी. हात सांगत होता, मी ऐकलं नाही. घातला घडीत."

"का, बाबा?" ताई म्हणाली.

"विचारलं असतं तर ती खोटं बोलली असती. मग मला ते बाळगत बसावं लागलं असतं."

ते 'ती' म्हणाले. नाव घेतलं नाही. ताई अजून वहिनीकडेच बघत होती.

"मी," मी म्हणाले. "वहिनीने नाही. मी."

मला वाटलं होतं की एकदा बोलले की उरलेलं आपोआप येईल. तसं होत नाही. प्रत्येक वाक्य वेगळं ओढून काढावं लागलं. पहिल्या शुक्रवारी मी टब घेऊन बसले. पहिला रुमाल पाण्यात बुडवला. आता उपकार मानायचा होता, त्या आठवड्यातला. त्या आठवड्यात आपण आईला पुरलं होतं. मी अर्धा तास बसले. बॉयलर ठीक होता. कुणाचं काही हरवलं नव्हतं. ते मी म्हणू शकले असते, पण तोंड उघडलं की आत राग होता, आणि तो त्या पाण्यात घालायचा की नाही हे मला कळेना. मी सहाही रुमाल मुक्याने धुतले. पुढच्या वेळी ते पाणी समोर घेऊन बसायचीच भीती वाटली. मशीन काही विचारत नाही.

"माझ्याकडे सांगायला काही नव्हतं," मी म्हणाले. "एकसुद्धा नाही. आणि सकाळी फादर माझे आभार मानत होते."

मी रडले. ते थांबवता आलं असतं तर बरं झालं असतं.

कारण त्यानंतर सगळे माझ्याकडे आले. ताई खुर्ची ढकलून आली आणि तिने माझं डोकं पोटाशी धरलं, "वेडे, मला फोन नाही करायचा?" म्हणाली. दादाने पेला भरून दिला. फादरांनी हात हातात घेतला आणि म्हणाले की यात पाप नाही, दुःख आहे. देवाला रागही देता येतो, तो नाकारत नाही. फार चांगलं बोलले. बाबा म्हणाले, "तुझ्या आईलाही काही आठवड्यांत काही सुचायचं नाही. मग ती नुसतं म्हणायची, आज पाणी गार आहे." आणि ताई रडता रडता हसली, दादाही हसला, आणि आईच्या किरकोळ मालाच्या आठवणी निघाल्या, वकिलाचा कोट, बॉयलरचा सूर. महिन्याभरात पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी हसत होतं. मला ऊब वाटत होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. मग मला नळाचा आवाज आला.

वहिनीची खुर्ची रिकामी होती. तिने बशा केव्हा उचलल्या ते आम्हा कुणाला दिसलं नव्हतं.

मी आत गेले. ती भांडी घासत होती, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"वहिनी."

"पुसायचं फडकं तिकडे आहे," ती म्हणाली.

मी फडकं घेतलं. एक बशी पुसली. "मी लगेच बोलायला हवं होतं."

"हो."

"मी पाणी पीत बसले."

"बघितलं मी."

"तू का नाही सांगितलंस?"

तिने कढई पालथी घातली. "सांगून कुणी ऐकलं असतं? तू रडलीस तर सगळे उठले. मी रडले असते तर ताई म्हणाल्या असत्या, नाटक करते." तिच्या आवाजात राग नव्हता, ती भाव सांगितल्यासारखं सांगत होती. "मला काही वाटलं नाही, असं म्हणू का? तुला बरं वाटेल."

"नको."

"मग नाही म्हणत."

मी तिथेच उभी राहिले. तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "जा. फादर निघतील. त्यांना एका बाप्तिस्म्याला जायचंय."

बाहेर फादर खरंच उठले होते. जेवणानंतरची उपकाराची प्रार्थना आमच्याकडे उभ्याने म्हणतात. ताई उठली, दादा उठला, बाबा टेबलाला धरून उठले. मी माझ्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

फादरांनी हात जोडले.

"थांबा," बाबा म्हणाले. "एक माणूस कमी आहे."

"ती आवरतेय, बाबा," ताई म्हणाली. "येईल. सुरू करा, फादर."

"कशाचे उपकार मानणार आहेस?" बाबांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग कानापासून गळ्यापर्यंत चढत गेला. शाळेत कुणी तिला असं कधी पाहिलं नसेल.

"सूनबाई," बाबांनी हाक मारली.

नळ चालू होता.

"सूनबाई, आम्ही थांबलोय."

नळ बंद झाला. आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. एक बशी दुसरीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि नळ पुन्हा सुरू झाला.

फादरांनी जोडलेले हात हळूच सोडले. दादा मान खाली घालून खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवत होता. तो दारापर्यंत गेला, चौकटीला हात लावला, आणि तिथेच थांबला. ताई त्याच्यामागे गेली. तीही थांबली. एवढ्या मोठ्या दोन माणसांना स्वयंपाकघरात पाऊल टाकता येईना. बाबा टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांची खुर्ची त्यांच्या मागेच होती. पण ते बसत नव्हते, आणि आमच्यातल्या कुणाचीही त्यांना बसा म्हणायची हिंमत होत नव्हती.